गुणाचा धाकटा सर्व्हर

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. कमरेनं गेल्या महिन्यापासून संप पुकारलाय, त्यामुळे प्रत्यक्ष भेटीत मी अर्ध्या वाटेवरूनच परत फिरेन, तेवढं गोड मानून घ्या.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात? वरच्या मजल्यावर शिट्टी वाजवणारा तो भाडेकरू सुधारला, की अजून तुम्ही काठीनं छत ठोकता? त्याची शिट्टी बेसूर असते हे तुमचं म्हणणं मी मान्य करतो, पण तुम्ही त्याला खिडकीतून सूर दुरुस्त करून दाखवता हे ऐकल्यापासून माझी सहानुभूती थोडी त्याच्याकडे झुकली आहे. सडाफटिंग माणसानं शेजाऱ्याशी जपून राहावं, असं आपलं मला वाटतं. बाकी तुम्ही मोठे आहात.

आता पत्राचं कारण. मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, ताई, म्हणजे माझी आई, कशी आहे. मी म्हणालो, मजेत. त्यावर तुम्ही विचारलंत, मजेत म्हणजे कशी. आणि मी दारात कुणीतरी आलंय म्हणून फोन ठेवला. मामा, दारात कुणीही आलेलं नव्हतं. मला उत्तर येत नव्हतं, एवढंच. आठवडाभर तो प्रश्न डोक्यात घर करून बसलाय. आईला माझ्याकडे येऊन वर्ष होत आलं, रोज समोरासमोर जेवतो आम्ही, आणि ती कशी आहे हे मला सांगता येऊ नये? म्हणून म्हटलं, बसून नीट उत्तर लिहावं. पण त्या उत्तराकडे जायचा रस्ता माझ्या ऑफिसातून जातो, त्याला माझा इलाज नाही. तुम्ही म्हणाल, विचारलं काय आणि हा सांगतोय काय. मुद्द्यावर यायला वेळ लावणं हे आपल्या घराण्यात आजोळाकडून आलेलं आहे, तेव्हा तुम्ही तरी बोलू नका.

आमची कंपनी चष्म्याच्या काचा बनवते हे तुम्हाला ठाऊक आहेच. (तुम्ही अजून सगळ्यांना 'भाचा कॉम्प्युटर विकतो' असं सांगता, ते आता सोडा.) गावोगावच्या दुकानांतून डोळ्यांचे नंबर येतात, आमचे दोन सर्व्हर काचेला किती बाक द्यायचा त्याचं गणित करून खाली कारखान्यात पाठवतात, आणि तिथली यंत्रं त्याप्रमाणे काच घासतात. हे दोन सर्व्हर ज्या खोलीत आहेत ती पूर्वी झाडू-बादल्या ठेवायची खोली होती, कोपऱ्यात अजूनही एक नळ आहे आणि तो गळतो. एका सर्व्हरला आम्ही थोरला म्हणतो, दुसऱ्याला धाकटा. थोरला म्हणजे पिठाची गिरणी. सकाळी दार उघडलं की त्याचा आवाज अंगावर येतो, मागून गरम वारा सोडतो, हात लावला तर चटका बसेल की काय असं वाटतं. धाकटा अगदी उलट. हूं नाही की चूं नाही. एक हिरवा दिवा लावून आपला बसलेला असतो. आल्यागेल्याला खोली दाखवताना मी नेहमी धाकट्याच्या बाजूला उभा राहायचो.

माझं काम काय, तर या दोघांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणं. ते कसं ठेवतात ते सांगतो, जांभई देऊ नका. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात जी मूळ यंत्रणा असते, ती स्वतःची मोजदाद स्वतःच करत असते. प्रोसेसर, म्हणजे त्याचं डोकं, शंभरातला किती वेळ कामात आहे. मेमरी किती उरली आहे. डिस्कसमोर, म्हणजे जिथं सगळं लिहून ठेवलेलं असतं त्या कोठाराच्या दाराशी, किती कामं रांगेत उभी आहेत. असे शेकडो आकडे. त्यांना काउंटर म्हणतात. ज्याला जे बघायचं ते त्यानं उघडून बघावं. मी पहिल्या महिन्यात उत्साहानं साठ-सत्तर काउंटर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावले होते. आमच्या मालकीणबाई आल्या, पडदा पाहिला, आणि म्हणाल्या की मला डोकेदुखी नको, एका यंत्राचा मला एकच आकडा सांगा. मालकाचं म्हणणं, आपण कोण बोलणार. मी प्रोसेसरचा आकडा ठेवला आणि बाकीचे झाकून टाकले. आकडा लहान असेल तर हिरवा, मोठा असेल तर लाल. थोरला कायम नव्वदच्या आसपास, लालबुंद. धाकटा चार टक्के, हिरवागार. बाई रोज सकाळी पर्स खांद्यावर असतानाच पडद्याकडे बघत, थोरल्याकडे बघून चक् करत आणि धाकट्याकडे बघून मान डोलावत आपल्या खोलीत जात.

आणि अशात कारखान्यातून तक्रार सुरू झाली. दुपार झाली की गणितं खाली पोचायला उशीर. घासायची यंत्रं रिकामी, माणसं हातावर हात ठेवून. खालचा फोरमन हा भयंकर माणूस आहे. त्याच्या तोंडात कायम दात कोरायची काडी असते आणि तो ओरडत नाही, म्हणून जास्त भीती वाटते. तो जिना चढून माझ्या टेबलापाशी आला, काडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली, आणि वर काही झोपलंय का एवढंच विचारून निघून गेला. आता तुम्हीच सांगा, संशय कुणाचा यावा? एक जण बोंबलतोय, तापलाय, लाल झालाय. दुसरा शहाण्यासारखा गप्प. मी क्षणाचाही विचार न करता थोरल्याच्या नावानं पावती फाडली. त्याचे पंखे साफ केले (नाकात इतकी धूळ गेली की दोन दिवस शिंकत होतो, तुमची भाचेसून म्हणाली, सर्व्हरचा पंखा पुसता, घरचा कधी पुसलात?). त्याला नवी मेमरी बसवली. त्याला बंद करून चालू केलं, मग परत बंद करून चालू केलं. तो आपला नव्वदच्या नव्वदवर. शेवटी मी ठरवलं, याच्या डोक्यावरचा भार हलका करायचा. धाकटा तर रिकामाच बसलाय! मग थोरल्याची थोडी कामं काढून धाकट्याकडे दिली.

आणि इथं चमत्कार झाला, मामा. जास्त काम दिल्यावर धाकट्याचा आकडा चारावरून तीनावर आला. मी डोळे चोळले. आणखी काम दिलं. तो अडीचवर गेला. मी हा शोध बाईंच्या कानावर घातला आणि त्या इतक्या खूश झाल्या, की सोमवारच्या सभेत सगळ्यांसमोर म्हणाल्या, काम करावं तर धाकट्यासारखं, जितकं द्यावं तितका शांत होत जातो. हिशेब बघणारे आमचे काका, ज्यांचा आवाज ऑफिसात कुणी ऐकलेला नाही, त्यांनी खाली मान घालून टाळ्या वाजवल्या. मी तर खुर्चीत चार बोटं वर बसलो होतो. दुपारचा उशीर कमी झाला नव्हता, उलट वाढला होता, पण त्याचं खापर फोडायला थोरला होताच.

आता जरा घरी चला. बाबा गेल्यावर आईनं तिकडचं घर आवरलं आणि ती आमच्याकडे आली, तेव्हा मी मनातून घाबरलो होतो हे तुमच्यापाशी कबूल करायला हरकत नाही. सासू-सून, एक स्वयंपाकघर, दोन खोल्या. म्हटलं आता रोज महायुद्ध. पण कसलं काय. आईचा काडीचा त्रास नाही. ताटात वाढाल ते खाते. टीव्हीवर लावाल ते बघते. पंखा हवा का म्हटलं तर 'राहू दे', बंद करू का म्हटलं तरी 'राहू दे'. कपड्यांच्या घड्या अशा घालते की इस्त्रीवाल्यानं धंदा बंद करावा. बाकी वेळ मागच्या खोलीत खिडकीपाशी. तुमच्या भाचेसुनेच्या मैत्रिणी येतात, मागच्या खोलीकडे बघतात आणि हळूच म्हणतात, नशीब काढलंस गं. समोरच्या घरातले गृहस्थ, ज्यांची आई दिवसातून चार वेळा सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी रडते, ते तर मला जिन्यात थांबवून विचारतात की तुम्ही हे कसं जमवलंत. मी पण, खोटं कशाला बोलू, कॉलर ताठ करून सांगायचो. आईचा काही म्हणजे काही त्रास नाही.

शिवाय मी निष्काळजी नाही. ज्याचा हात सर्व्हरच्या नाडीवर, तो आईची नाडी सोडेल का? ती आली त्याच आठवड्यात मी रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. रोज सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी, एका पायात मोजा आणि दुसरा हातात अशा अवस्थेत, मी तिच्या दंडाला पट्टा बांधतो. साखर महिन्यातून एकदा. ती किती चालते ते तिच्या मोबाइलमध्ये. किती झोपते ते तुमची भाचेसून बघते. सगळे आकडे उत्तम. रक्तदाब तर माझ्यापेक्षा चांगला. डॉक्टर म्हणाले, यांची तब्येत बघून मलाच हेवा वाटतो. आई पट्टा सुटेपर्यंत हात पुढे करून बसते, मी आकडा वाचून 'वा, फर्स्ट क्लास' म्हणतो आणि दुसरा मोजा चढवत पळतो. तेव्हा तुम्ही ताई कशी आहे म्हणून विचारलंत, आणि माझ्या तोंडून 'मजेत' आलं, ते काही हवेतून आलं नव्हतं. त्यामागं वर्षभराचे हिरवेगार आकडे होते.

आणि मग या बुधवारी धाकट्यानं आमचं नाक कापलं. दुपारी दुकानांच्या ऑर्डरी आल्या आणि त्यातली एकही खाली उतरली नाही. एकही नाही. फोरमन वर आला, या वेळी काडी तोंडात नव्हती, यावरून प्रसंग ओळखा. दुकानदारांचे फोन सुरू झाले. एका बसचालकाचा चष्मा फुटला होता, तो तीन दिवसांपासून घरी बसून होता आणि त्याची बायको दुकानात येऊन बसली होती. त्यात भर म्हणजे मालकीणबाईंचा स्वतःचा नवा चष्मा त्याच रांगेत अडकलेला. जुना त्यांनी कुणाला तरी देऊन टाकलेला. त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, डोळे बारीक करून भिंतीकडे बघायला लागल्या, आणि म्हणाल्या, मला दिसत नाही, वाचून दाखवा. मी वाचलं. थोरला, ब्याण्णव, लाल. धाकटा, दोन, हिरवा. म्हणजे धाकटा ठीक आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, धाकटा एकदम ठीक आहे बाई, इतका ठीक तो कधीच नव्हता. आणि खाली सगळा कारखाना बंद पडला होता.

त्या वेळी मी शांतपणे, सखोल विचार करून, एक झाकलेला काउंटर उघडला. डिस्कसमोरच्या रांगेचा. धाकट्याच्या डिस्कसमोर कामांची ही एवढी रांग उभी होती, पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन चिकटलेली. मागं जाऊन पाहिलं, तर ती आजची नव्हतीच. कित्येक आठवडे रोज थोडी थोडी वाढत होती. त्याची डिस्क आतून मरत चालली होती, मामा. एखादी गोष्ट लिहायला दिली की ती परत यायला युगं लागायची, आणि तोपर्यंत बिचारं डोकं करणार काय? बसून राहायचं. ते चार टक्के, तीन टक्के, दोन टक्के, ज्याच्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या, ती विश्रांती नव्हती. धाकटा निवांत नव्हता. तो खोळंबला होता. आणि मी थोरल्याची कामं काढून याच्याच दारात नेऊन उभी करत होतो.

आणि थोरला? त्याला काहीच झालेलं नव्हतं. काचांचं गणित अवघड असतं, त्याला डोकं लागतं, तो पहिल्या दिवसापासून नव्वदवरच चालत असणार. तो त्याचा स्वभाव. निम्म्याहून जास्त कारखाना तो एकटा ओढत होता आणि आम्ही त्यालाच बंद-चालू, बंद-चालू करत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. फोरमनला हे समजावून सांगितल्यावर त्यानं विचारलं, मग त्याला इतके दिवस झोडपलं कशाला. डिस्क बदलली, संध्याकाळपर्यंत काचा सुरू झाल्या, बसचालकाचा चष्मा सगळ्यात आधी गेला. दुसऱ्या दिवशी बाई नवा चष्मा लावून आल्या, पडद्याकडे ढुंकूनही न बघता थेट हिशेबवाल्या काकांच्या टेबलापाशी गेल्या आणि तिथं स्टूल ओढून बसल्या. बराच वेळ बसल्या होत्या. काय बोलणं झालं ते माहीत नाही, पण काकांचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. बरा आहे, जरासा घोगरा.

आता मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगतो, आणि ते तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही. तुमचा जन्म वजनकाट्यावर गेला. भरलेला ट्रक काट्यावर आला, तर रिकाम्या गाडीचं वजन आधी केलेलं असल्याशिवाय माल किती ते तुम्ही सांगायचात का? उभं करून ठेवायचात ड्रायव्हरला. आमच्याकडे रिकाम्या गाडीचं वजनच कुणी केलेलं नव्हतं. सर्व्हर नवे होते, धडधाकट होते, तेव्हाचे आकडे कुणी लिहूनच ठेवले नाहीत. कशाला ठेवणार, सगळं ठीक तर चाललं होतं. मग नव्वद हे दुखणं की स्वभाव, आणि चार ही शांतता की आजार, हे कशावरून ठरवायचं? नुसत्या आकड्याला काही अर्थ नसतो. तो नेहमीपेक्षा किती वेगळा आहे, याला अर्थ असतो. आणि नेहमीचं काय ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी आलो. आई खिडकीपाशी होती. मी चपला काढल्या आणि तिथंच उभा राहून तिच्याकडे बघत राहिलो. मी तुमच्या भाचेसुनेला स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, आई पहिल्यापासून अशीच गप्प होती का गं? तिनं लाटणं थांबवलं. म्हणाली, मला काय माहीत, मी त्यांना लग्नानंतर बघितलं, सुट्टीतले दोन-चार दिवस, तेव्हा सगळं बोलणं बाबांचंच असायचं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही मुलगा ना? आता मुलगा असून मला काय आठवतं? डबा पुढे करणारा हात. आतून आलेली हाक. शिकायला बाहेर पडलो तो पडलोच. नंतर गेलो तो पाहुण्यासारखा, आणि पाहुण्यापुढे माणूस थोडंच आपल्या नेहमीच्या रूपात असतं? ती हसायची का? गाणं म्हणायची? कुणाशी भांडायची? ती धडधाकट होती त्या सगळ्या वर्षांत मी तिच्याकडे नीट बघितलंच नाही, मामा. सगळं ठीक तर चाललं होतं.

मग शुक्रवारी सुट्टी टाकली. यंत्र कपाटात ठेवलं आणि तिच्याजवळ मागच्या खोलीत जाऊन बसलो. तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. मग ऑफिस गेलं का, म्हणजे नोकरी गेली का, असं हलकेच विचारलं. नाही म्हटल्यावर निश्चिंत होऊन पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. मी बसून राहिलो. मला उठायची इतकी सवय आहे की दोनदा अर्धा उठलो आणि परत बसलो. बाहेर समोरच्या गच्चीवर एक बाई गादी वाळत घालत होती, ती गादी पुन्हा पुन्हा घसरत होती, आम्ही दोघं ते बघत होतो. शेवटी मी विचारलं, आई, तू दिवसभर इथं काय करतेस?

ती म्हणाली, "तुम्हाला घाई असते रे. मी आपली थांबते."

कशासाठी थांबतेस, असं विचारलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू हे काय विचारायचं झालं. "तुमचं होईस्तोवर," म्हणाली.

मी मान खाली घालून घडी घातलेलाच टॉवेल पुन्हा घडी घालत बसलो. वाईट वाटलं, मामा. फार वाईट वाटलं. भांडली असती, रडली असती, समोरच्या घरातल्या आजींसारखी मजला डोक्यावर घेतला असता तर मी धावत आलो असतो, डॉक्टर केले असते, तुम्हाला फोन केले असते. तिनं त्रास दिला नाही म्हणून आम्ही तिला शाबासकी देत राहिलो. पण खरं सांगायचं तर अजूनही मला नक्की माहीत नाही. कदाचित ती खरंच अशीच असेल. काही माणसं असतात शांत, त्यांना शांत बसू द्यावं. दुखणं नसताना उगाच औषध पाजणं काय असतं ते मी थोरल्याच्या बाबतीत करून चुकलोय. तेव्हा, ताई कशी आहे, याचं माझं प्रामाणिक उत्तर: रक्तदाब उत्तम, साखर उत्तम, आणि कशी आहे ते मला सांगता येत नाही.

असो. फार लांबलं. गुडघ्याला शेक देत चला. शिट्टीवाल्याला क्षमा करा. तुमची भाचेसून नमस्कार सांगते, आणि मी तर कागदावर मघाशीच आडवा पडलेलो आहे.

आपला,
लांबण लावणारा भाचा

ता. क. वर सगळं लिहिलं आणि जे मागायचं ते राहिलंच. तुम्ही इकडे या. चार-आठ दिवस राहा. आई परकरात होती तेव्हापासून तुम्ही तिला बघितलंय, ती मोठी, तुम्ही तिच्या मागं मागं हिंडणारे; रिकाम्या गाडीचं वजन जगात फक्त तुमच्याकडे आहे. तुम्ही नुसतं तिच्याशेजारी बसा आणि मला सांगा की ही आमची ताई आहे, की नाही. तिला मात्र कारण सांगू नका. तुमच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली आहे हे मला फोटोत दिसलं, तेव्हा भाचा नवीन चष्मा करून देतोय म्हणून आलो, असं म्हणा. तुमच्या घोरण्याचा विषय मी घरात काढला होता. तुमची भाचेसून म्हणाली, घोरू देत, घरात कुणाचा तरी आवाज येऊ दे.

ता. क. दुसरा. तो रांगेचा काउंटर मी 'शांतपणे, सखोल विचार करून' उघडला असं वर लिहिलंय, ते वाचताना वगळा. बाई मागं उभ्या होत्या, घाईत भलत्याच ओळीवर बोट पडलं आणि तो आपोआप उघडला. मला दुसरंच काहीतरी बंद करायचं होतं. ऑफिसात हे कुणाला माहीत नाही. आणि थोरल्याचा आकडा कालपासून चाळीसवर आलाय, पडद्यावर प्रथमच हिरवा झालाय, आणि मला सकाळपासून जेवण जात नाही. दर अर्ध्या तासानं झाडूच्या खोलीत जाऊन त्याला हात लावून बघतोय.

ता. क. तिसरा, आणि पाकीट फाडून लिहितोय. पत्र बंद करत होतो तेवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली. कुणाला एवढं लांबलचक, म्हणाली. मामाला म्हटलं. काय लिहिलंस? मी म्हटलं, चार दिवस राहायला ये म्हणून लिहिलंय, चष्मा करायचाय त्याचा. ती पलंगाच्या कडेला बसली. मला खरं तर ऑफिसला उशीर झाला होता. पण मी पाकीट बाजूला ठेवलं आणि बसून राहिलो. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. मग म्हणाली, "चार दिवसांसाठी नको म्हणावं. चार दिवसांनी जाणार असेल तर नको. त्याला म्हणावं, मी बोलावलंय." आणि उठून आत गेली.

मामा, या घरात आल्यापासून आईनं मागितलेली ही पहिली गोष्ट आहे. निघा.